दोन मिलिमीटरचं लाकूड : गिटार, करवत आणि शिसवी

वाद्यांच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण वादकापासून सुरुवात करतो. फार तर कारागिरापर्यंत येतो आणि तिथे थांबतो. आज मला आणखी एक पायरी खाली उतरायचं आहे. कारागिराच्या हातात लाकूड येण्याआधी ते कुणीतरी चिरलेलं असतं. अकूस्टिक गिटारच्या बाबतीत हे चिरणं फार मोलाचं आहे. माझं म्हणणं असं आहे की गिटारच्या पाठीला कोणतं लाकूड लागतं हे कानाने ठरवायच्या आधी करवतीने ठरवलं. आणि ज्याच्या हातात करवत, त्याच्या हातात त्या लाकडाचा पैसा, हेही त्यातूनच निघतं. विधान थोडं धाडसी आहे, त्यामुळे पुरावे देत देत जाऊ.

आधी वाद्य डोळ्यांसमोर आणू. गिटारच्या पुढच्या बाजूला, जिच्यावर तारांचा ताण येतो ती, आपल्या सतारीच्या भाषेत तबली. ती बहुधा स्प्रूस किंवा सीडर अशा मऊ, हलक्या लाकडाची असते. मागची ती पाठ, आणि भोवती वाकवलेल्या दोन पट्ट्या म्हणजे बगला. या पाठ-बगला कठीण लाकडाच्या. पाठ दोन तुकड्यांची, प्रत्येक तुकडा साधारण ८ इंच रुंद आणि २१-२२ इंच लांब. बगला ५ इंचांच्या आत-बाहेर रुंद आणि ३२-३३ इंच लांब. आणि जाडी? पाठ अडीच मिलिमीटर, बगला २ मिलिमीटरच्या आसपास. आपल्या आधार कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटर धरा. तशी तीन कार्डं एकावर एक ठेवली की झाली गिटारची पाठ.

ही जाडी मोठी अडचणीची आहे. यापेक्षा जाड फळी कुठल्याही वखारीत मिळते. यापेक्षा पातळ, म्हणजे अर्ध्या-एक मिलिमीटरचं व्हीनिअर, तेही मिळतं. ते करवतीने काढतच नाहीत, ओंडका वाफवून मऊ करतात आणि मोठ्या सुरीने सोलून काढतात, त्यात भुसा पडत नाही. पण सुरीने जाड काप काढायला गेलं की लाकडाला आतून बारीक चिरा पडतात. म्हणजे गिटारची पाठ सुरीला जाड पडते आणि वखारीला पातळ. तिला करवतच लागते, आणि तीही रुंद फळी उभी धरून तिच्या जाडीतून चिरत जाणारी. एखादं जाडजूड पुस्तक पानापानाने सुटं करावं तसं. दोन शेजारची पानं उघडली की एकाची नक्षी दुसऱ्यात आरशासारखी दिसते. गिटारच्या पाठीवर मधोमध जोड असतो आणि दोन्हीकडे सारख्या रेघा असतात, त्या अशा येतात.

आता आपल्याकडे हा प्रश्न कधी आलाच नाही, हे गमतीचं आहे. सतारीची, तानपुऱ्याची पाठ म्हणजे भोपळा. मिरजेचे कारागीर पंढरपूर परिसरातले भोपळे आणतात. निसर्गाने पातळ, वाकवलेली, हलकी पाठ वेलीवरच तयार करून दिलेली. सरोद आणि तबल्याचं खोड कोरून काढलेलं. पातळ फळी चिरून, वाकवून, जोडून पेटी करायची ही रीत मुख्यतः युरोपातली. म्हणून तिचा इतिहास शोधायला तिकडे जावं लागतं. पण थांबा, तो फिरून सह्याद्रीत येणार आहे.

यंत्रं येण्यापूर्वी लाकूड चिरणं म्हणजे दोन माणसांचं काम. एक वर, एक खाली, मध्ये लांब करवत. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत हे चित्र बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल. होकुसाईने फुजी पर्वताच्या चित्रमालेत एक चित्र याच कामाचं काढलंय : तिरकी उभी केलेली प्रचंड तुळई, तिच्या वर एक करवत्या, खाली दुसरा, आणि मधून दूरवर फुजी दिसतोय. खालच्या माणसाच्या डोळ्यांत भुसा जाणार, हे जगात सगळीकडे सारखंच.

पातळ काप काढायचं काम याहून नाजूक. फ्रान्समध्ये आंद्रे-जाकोब रूबो नावाच्या सुताराने १८व्या शतकात, १७६९पासून, सुतारकामावर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एक चित्र आहे. किमती लाकडाचा ठोकळा शिकंज्यात उभा आवळलेला आणि दोन माणसं समोरासमोर उभी राहून चौकटीतल्या करवतीने त्याचे आडवे, वरून खाली असे काप काढतायत. पातं पातळ, चौकटीत ताणून बसवलेलं. पातं जितकं ताणलेलं तितकी वाट सरळ. आज घरच्या यंत्रावर शिसवी चिरणारा माणूस ज्या गोष्टीची काळजी करतो, ती हीच : पात्याचा ताण. २५० वर्षांत मुद्दा बदललेला नाही.

करवत्यांचं काम कष्टाचं होतं पण हक्काचं होतं, आणि ते सहजासहजी सुटलं नाही. लंडनच्या लाइमहाउस भागात चार्ल्स डिंगली नावाच्या व्यापाऱ्याने वाऱ्यावर चालणारी लाकूड-गिरणी उभारली. १७६८च्या मे महिन्यात करवत्यांच्या जमावाने ती मोडून टाकली. यंत्र मोडणाऱ्या कामगारांची गोष्ट आली की आपण कापडगिरण्यांचं नाव घेतो. करवते त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, पण त्यांची आठवण कुणी काढत नाही.

तरी यंत्रं आलीच. मार्क ब्रुनेल, म्हणजे पूल आणि रेल्वे बांधणाऱ्या प्रसिद्ध ब्रुनेलचे वडील, यांनी लंडनजवळ बॅटरसीला व्हीनिअर काढणाऱ्या राक्षसी गोल करवती बसवल्या. १८१४ साली ती गिरणी जळाली. गोल करवतीचा दोष असा की ती लाकूड फार खाते. पातं मोठं, म्हणून जाड, म्हणून वाट रुंद. उपाय होता पट्ट्याची करवत, म्हणजे बँडसॉ. दोन चाकांवरून फिरणारा, दात असलेला पोलादी पट्टा. विल्यम न्यूबेरीने १८०८ साली लंडनमध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण पट्ट्याची दोन टोकं जोडायची कशी हे कुणाला जमेना. जोड फिरत्या चाकावर तुटायचा. तो प्रश्न फ्रान्समध्ये सुटला. १८४६ साली आन पोलीन क्रेपँ या बाईंनी जोडाच्या रीतीचं पेटंट घेतलं आणि पुढे पॅरिसच्या पेरँ यांनी त्यावर यंत्रं उभी केली. यंत्रांच्या इतिहासात बाईचं नाव आलं की ते तळटिपेत जातं. इथे मात्र त्या जोडाशिवाय पुढची गोष्टच घडत नाही, म्हणून नाव लक्षात ठेवा : क्रेपँ.

आता लाकूड चिरणाऱ्याकडून लाकूड वापरणाऱ्याकडे येऊ. जर्मनीत सॅक्सनीमध्ये मार्कनॉयकिर्खेन नावाचं गाव आहे, वाद्यं बनवणाऱ्यांचं गाव. तिथे १८२०-३०च्या दशकांत एक भांडण पेटलं. व्हायोलिन करणाऱ्यांचा संघ म्हणू लागला की गिटार करायचा हक्क फक्त आमचा. गिटार करत होते कपाटं-टेबलं करणारे सुतार. संघाचा युक्तिवाद थोडक्यात असा : आम्ही कलावंत, हे फर्निचरवाले, यांनी वाद्याला हात लावू नये. कुणाची पायरी कोणती हा वाद आपल्याला काही नवा नाही! १८२६ला तक्रार झाली, १८३२ला पुन्हा झाली. अखेरीस सुतारांचा हक्क टिकला. पण त्या सुतारांतला एक, क्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन, १८३३ साली गाव सोडून न्यूयॉर्कला गेला. पुढे पेनसिल्व्हेनियात नाझरेथला त्याचं दुकान स्थिरावलं. अमेरिकेतल्या मार्टिन गिटारचा उगम हा.

या भांडणात माझ्या कामाचा मुद्दा वेगळाच आहे. गिटार हे फर्निचरवाल्या सुतारांचं वाद्य होतं. त्यांच्या कोठारात जे लाकूड होतं ते गिटारला लागलं. आणि १९व्या शतकात युरोपातल्या श्रीमंत दिवाणखान्यांत कशाची चलती होती? ब्राझीलच्या रोझवूडची. पियानो, टेबलं, पेट्या, सगळ्यांवर तेच. गिटारच्या पाठीवरही तेच आलं. कुणी दहा लाकडं घेऊन, वाजवून, कान लावून रोझवूड निवडलं असं दिसत नाही. ते हाताशी होतं, चिरलेलं मिळत होतं आणि गिऱ्हाइकाला ते भारी वाटत होतं.

यावर कुणी म्हणेल, पण स्पेनचं काय? स्पेनचं उदाहरण माझ्याच बाजूने आहे. आजच्या स्पॅनिश गिटारचा साचा ज्याने घडवला तो अँतोनिओ दे तोरेस (१८१७ ते १८९२), मूळचा सुतारच. तो रोझवूडची गिटारं करायचा आणि सायप्रसची करायचा. सायप्रस तिथलंच, स्वस्त. ज्याची ऐपत तसं वाद्य. पुढे लोकांनी सायप्रसची ती फ्लॅमेंको गिटार आणि रोझवूडची ती शास्त्रीय, अशी वाटणी केली आणि तिला नादाची कारणं जोडली. सुरुवात खिशापासून झाली होती.

तोरेसने तर १८६२ साली एक कमालच केली. तबली नेहमीसारखी उत्तम लाकडाची, पण पाठ आणि बगला चक्क कागदाच्या लगद्याच्या पुठ्ठ्याच्या. ते गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. त्याला दाखवायचं होतं की वाद्याचा जीव तबलीत असतो. जगाने तोरेसची मापं उचलली, तबलीची रचना उचलली, आणि हा धडा मात्र बाजूला ठेवला. रोझवूडची मागणी वाढतच गेली.

आता मी तुम्हाला थोडा वेळ मुंबईत नेतो, कारण रोझवूडचा एक धागा आपल्याकडे आहे आणि तो गिटारपेक्षा जुना आहे. आपली शिसवी, डालबर्जिया लॅटिफोलिया, हे ब्राझीलच्या रोझवूडचं सख्खं नव्हे पण चुलत भावंड. एकाच कुळातलं. इंग्रज इथे त्याला ब्लॅकवूड म्हणायचे. तेच लाकूड लंडनच्या बाजारात पोचलं की ईस्ट इंडियन रोझवूड व्हायचं. मलबारकडून समुद्रमार्गे हे लाकूड मुंबईला यायचं आणि १९व्या शतकात त्याचं भरगच्च कोरीव काम केलेलं फर्निचर व्हायचं. बॉम्बे ब्लॅकवूड फर्निचर म्हणून ते प्रसिद्ध होतं. मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, या धंद्याची जागा. जुन्या पारशी घरांतल्या काळ्याभोर खुर्च्या, कोच तुम्ही पाहिले असतील. म्हणजे शिसवीची कीर्ती बाहेर गेली ती फर्निचरमधूनच. दक्षिणेत तर हे राजवृक्षच होतं. त्रावणकोर संस्थानात सागवान, चंदन, एबनी आणि शिसवी ही झाडं कुणाच्याही जमिनीत उगवली तरी मालकी राजाची.

पण मार्टिनसारख्या कंपन्या शिसवीकडे वळल्या त्या फार उशिरा. १९६०च्या दशकात ब्राझीलने रोझवूडचे अख्खे ओंडके बाहेर पाठवण्यावर बंदी घातली. म्हणणं साधं होतं, लाकूड हवंय तर आमच्याकडे चिरा, मजुरी आमच्या माणसांना मिळू द्या. यात गैर काय? काहीच नाही. पण गिटारवाल्यांना ओंडका कोणत्या दिशेने चिरायचा याचा हट्ट असतो. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत फळी काढली तर ती हवामान बदललं तरी कमी फुगते, कमी आकसते. दुसऱ्या दिशेने काढली तर नक्षी सुंदर दिसते पण पाठ तडकण्याची भीती. तिकडून येणारं चिरलेलं लाकूड हवं तसं मिळेना, आणि १९६९ साली मार्टिनने आपल्या नेहमीच्या रोझवूड गिटारांसाठी भारतीय शिसवी घेतली. बाकीचे मागोमाग आले.

आणि इथे इतिहासाने एक गंमत केली. भारताचा नियमही तोच! शिसवीचा ओंडका देशाबाहेर जात नाही, चिरलेलं जाड लाकूडही जात नाही. म्हणजे ब्राझीलच्या ज्या अटीने बाजार हलला, त्याच अटीवर तो आपल्याकडे स्थिरावला. फरक पडला तो करवतीच्या कामात. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतल्या गिरण्यांनी गिटारच्या मापाचे संच काढायला घेतले : पाठीचे दोन काप, बगलांचे दोन काप, सुमारे ४ मिलिमीटर जाडीचे, दिशा बरोबर, नक्षी जुळलेली. कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी राखलेली जुनी शिसवीची झाडं, वनखात्याचे लिलाव, तिथून गिरणी, तिथून जहाज. जगातल्या कितीतरी गिटारांची पाठ अशा गिरण्यांत चिरली गेली आहे. गिटारवर नाव असतं ते कारखान्याचं. जाणकार झाडाचंही नाव सांगतो. ज्या माणसाने ती पाठ पानासारखी उलगडली त्याचं नाव कुठेच नसतं. मला ही गोष्ट खटकते, आणि आजच्या भाषणाचं एक कारण तेही आहे.

आता घरी करवत लावणाऱ्यांकडे येऊ. १९६६ साली अमेरिकेत अर्विंग स्लोन यांचं शास्त्रीय गिटार बांधण्यावरचं पुस्तक निघालं. तोवर हे ज्ञान दुकानांत, घराण्यांत बंद होतं. पुस्तक वाचून शिक्षक, इंजिनिअर, सुतार घरी गिटार करू लागले. १९७२ साली गिल्ड ऑफ अमेरिकन लूथिअर्स ही संघटना उभी राहिली, आणि तिचं ब्रीद म्हणाल तर माहिती लपवायची नाही. मार्कनॉयकिर्खेनच्या संघाच्या अगदी उलट. पण घरगुती कारागिरापुढे पहिला प्रश्न तोच, पातळ लाकूड आणायचं कुठून? तयार संच महाग. वखारीत मिळणारी फळी १ इंच, २ इंच जाड. मग चिरा घरीच.

इथे जरा हिशेब करू. ५० मिलिमीटर जाडीची शिसवीची फळी आहे. काप हवेत ४ मिलिमीटरचे, म्हणजे नंतर रंधून, घासून अडीचवर आणता येतात. गोल करवत प्रत्येक चिरीला साधारण ३ मिलिमीटर खाते. सात काप निघतात, म्हणजे तीन पाठी आणि एक काप एकटा उरतो. बँडसॉचा पातळ पट्टा १ मिलिमीटर खातो. त्याच फळीतून दहा काप, पाच पाठी. तीन आणि पाच! मधल्या दोन गिटारी भुशात गेल्या. एका झाडाला शंभर वर्षं लागली असतील तर या भुशाची किंमत काय हे तुम्हीच ठरवा.

शिवाय घरच्या गोल करवतीचं १० इंची पातं जेमतेम ३ इंच खोल जातं. दोन्ही कडांनी चिरलं तरी ६. पाठीचा काप ८ इंचांचा. बरं, घरगुती बँडसॉ घ्यावा, तर त्यातलं सर्वांत प्रचलित १४ इंची चाकांचं यंत्र, त्याच्याखालून मावणारी उंची ६ इंच. बगला चिरून होतात, पाठ नाही. अडचण नेमकी २ इंचांची. मग यंत्राच्या खांबात लोखंडी ठोकळा घालून ती उंची १२ इंच करतात. अमेरिकेतल्या गॅरेजांत हजारो यंत्रांना हा ठोकळा लागलेला आहे. कुणी त्याचा इतिहास लिहिलेला नाही, पण घरगुती गिटारकामाचं दार मला वाटतं त्या ठोकळ्याने उघडलं.

काम कसं चालतं तेही सांगतो, कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहील. फळीचा एक चेहरा रंधून सपाट करायचा, खालची कड गुण्यात आणायची. सपाट चेहरा आधाराच्या फळीला टेकवून फळी उभी पुढे सरकवायची. पट्टा रुंद, इंचाला तीनच दात, म्हणजे दातांमधल्या जागेत भुसा मावतो. बारीक दातांचा पट्टा ८ इंच उंच लाकडात भुशाने गुदमरतो आणि वाकडा पळतो. पुढे ढकलायची घाई करायची नाही. प्रत्येक कापावर चिरीच्या क्रमाने आकडा टाकायचा, नाहीतर जोडी चुकते. चिरून झालं की बरेचदा काप वाडग्यासारखा वाकतो, कारण फळीच्या पोटात ओल जास्त असते आणि ताण दाबून ठेवलेला असतो. चिरल्यावर तो मोकळा होतो. म्हणून कापांमध्ये बारीक पट्ट्या ठेवून, वर वजन ठेवून, महिनोन्‌महिने वाट बघायची. इंचाला एक वर्ष, हा फळी वाळवण्याचा जुना ठोकताळा. शिसवीच्या नसांत खडूसारखे क्षार साठलेले असतात, ते पोलादाची धार बघता बघता घालवतात. म्हणून लोक कार्बाइडच्या दातांचा महाग पट्टा घेतात. आणि भुसा. शिसवीचा जांभळट भुसा सुगंधी असतो, पण काहींच्या कातडीवर पुरळ उठतं आणि एकदा त्रास सुरू झाला की पुढे थोड्याशा भुशानेही होतो. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक गटात घातलेली आहे. मुखपट्टी आणि धूळ ओढणारं यंत्र, यात काटकसर नको. रूबोच्या चित्रातल्या त्या दोघांच्या तोंडावर काही नव्हतं.

कायद्याकडे एक नजर टाकू. ब्राझीलचं रोझवूड १९९२ साली साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद. २०१७च्या २ जानेवारीपासून डालबर्जिया कुळातली बाकी सगळी झाडं, आपल्या शिसवीसह, दुसऱ्या परिशिष्टात आली आणि गिटार घेऊन परदेशी जाणाऱ्यांची धांदल उडाली. २०१९च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. तमिळनाडूने तर १९९४ सालीच शिसवीच्या झाडांसाठी वेगळा कायदा केला होता.

पण सगळ्यांत बोलकं प्रकरण २०११चं. अमेरिकेत लेसी कायदा म्हणून आहे : परदेशातला कायदा मोडून आणलेलं लाकूड अमेरिकेतही बेकायदा. २०११च्या ऑगस्टमध्ये गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर छापे पडले, आणि तपास होता भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीचा. मुद्दा काय? जाडी! ६ मिलिमीटरपर्यंतचा काप म्हणजे व्हीनिअर, तो भारतातून पाठवता येतो. त्याहून जाड म्हणजे चिरलेलं लाकूड, त्याला बंदी. गिटारच्या दांडीवर बसणाऱ्या पट्टीचे तुकडे होते सुमारे १० मिलिमीटरचे. ते वाद्याचा भाग की नुसतं लाकूड? अमेरिकेत यावर मोठं राजकारण झालं. २०१२ साली तडजोड झाली आणि गिब्सनने ३ लाख डॉलर भरले, पण ते मादागास्करच्या एबनीच्या जुन्या प्रकरणासाठी. भारतीय लाकडाच्या नियमाबद्दल संदिग्धता आहे हे तिथल्या सरकारने मान्य केलं आणि माल परत दिला.

बऱ्याच लोकांनी तेव्हा हा भारतीय नोकरशाहीचा विक्षिप्तपणा म्हणून उडवून लावलं. मला तसं वाटत नाही. नियमाची भाषा ढिसाळ असेल, पण त्यामागचा विचार तोच : अर्धवट लाकूड नको, पूर्ण केलेलं काम जाऊ दे. करवत कुणाच्या अंगणात चालणार, हा प्रश्न आहे.

आता शेवटचा पुरावा, ज्यासाठी मी सुरुवातीचं धाडस केलं. २०१८ साली इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध केला. एका कारागिराने सहा गिटारं बांधली, सगळं सारखं, फक्त पाठ-बगलांचं लाकूड वेगळं : ब्राझीलचं रोझवूड, भारतीय शिसवी, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ वादकांनी ती वाजवली, लाकूड ओळखता येऊ नये म्हणून मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे चष्मे लावून. नादाच्या गुणांत फारसा फरक निघाला नाही. दुर्मीळ आणि स्वस्त जवळजवळ एका रांगेत. तोरेस पुठ्ठ्यातून जे सांगत होता ते १५० वर्षांनी पुन्हा सांगितलं गेलं. याचा अर्थ लाकडाने काहीच होत नाही असा नव्हे. लाकूड वाकलं पाहिजे, तडकता कामा नये, दिसायलाही बरं हवं. पण जंगल रिकामं करण्याइतका फरक नक्कीच नाही.

बॉब टेलर या अमेरिकन गिटारवाल्याने १९९५ साली माल वाहण्याच्या फळकुटांतलं ओक घेऊन एक गिटार बांधून दाखवलं होतं. तेच टेलर २०११ साली कॅमेरूनमधल्या एबनीच्या गिरणीचे भागीदार झाले, तेव्हा त्यांना कळलं की काळंकुळकुळीत लाकूड मिळेपर्यंत तोडणारे लोक करड्या रेघा असलेली कितीतरी झाडं पाडून जंगलातच सोडून देतात. मग त्यांनी ते रेघांचं लाकूड आपल्या गिटारांवर लावायला सुरुवात केली. एवढी वर्षं गिटार करून हे त्यांना कळलं ते करवतीपाशी जाऊन उभं राहिल्यावर.

वेळ होत आलाय, एक-दोन प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई विचारतायत, की इथे पुण्यात कुणाला घरी करायचं असेल तर शिसवीच घ्यावी का. ताई, पहिल्या गिटारला मुळीच घेऊ नका. मिरजेला तानपुऱ्याच्या दांडीला वापरतात ते तून चांगलं आहे, चिरायला मऊ, स्वस्त आणि वाकतंही. सिल्व्हर ओकची फळी टिंबर मार्केटमध्ये विचारा. चिरायला यंत्र नसेल तर गिरणीत आधी चौकशी करा. आपल्या गिरण्यांचे पट्टे बहुधा जाड असतात, ओंडक्यासाठी लावलेले, त्यामुळे ५ ऐवजी ६ मिलिमीटरचे काप सांगा आणि उरलेलं रंध्याने काढा.

आणि हे काका म्हणतायत, घरात आजोबांचा मोडका शिसवी पलंग आहे. वा! मग तुमच्याइतकं वाळलेलं लाकूड कुठल्याही परदेशी कंपनीकडे नसेल. फक्त चिरण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक दोन्ही बाजूंनी फिरवा. जुन्या सुतारांनी खिळे खोल ठोकून वर लाकडाची गुटली बसवलेली असते, ती दिसत नाही. पितळी स्क्रू असेल तर चुंबकालाही कळणार नाही, तिथे बोटाने चाचपून बघा, गुटलीचा गोल हाताला लागतो. पलंगाच्या उभ्या खांबांच्या नादी लागू नका, पाठीला ८ इंच रुंदी हवी. डोक्याकडची फळी मोजून बघा.